तीन पंख्यांचं कार्ड

— गरम लागणारच. यंत्र आहे ते, विहिरीतला दगड नाही गार लागायला. मीच चालू केलं सकाळी, तुम्ही येणार म्हणून. गाडी विकायची तर गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात, माहीत नाही तुम्हाला? नसेल. तुमच्या वयाला सगळं बटण दाबलं की सुरू. माझा जन्म गेला जड गाड्या चालवण्यात — आधी मालाच्या, मग प्रवाशांच्या, मग पुन्हा मालाच्या, कारण प्रवासी फार बोलतात — आणि लोकांना जुन्या गाड्या किती बघून दिल्या मी, की ही घ्या, तिच्या नादी लागू नका, तिचा गिअर रडतोय. तर इंजिन तापवून ठेवणं हा दगा असतो हेही मला कळतं. पण मी दगा द्यायला नाही तापवलं. चालू होतं म्हणून चालू होतं. म्हणजे — मी चालू केलं म्हणून. बॅग तिथे नका ठेवू. खाली ठेवा. आणि आवाज जरा कमी. तुम्ही अजून तोंड उघडलेलं नाही, दिसतंय मला, पण त्या तुमच्या पान्यांचा खडखडाट किती. पलीकडे स्वयंपाकघरात ही आहे, आमची म्हातारी, तिच्या कानाला भिंत आडवी येत नाही. तिला सांगितलंय, विजेच्या कामाचा माणूस येणार आहे. तो तुम्ही. तेवढं लक्षात असू द्या.

हां, तर बघा. निवांत बघा. निवांत म्हणजे जरा उरकून. ते काळं, लांबडं, तीन पंख्यांचं, तेच ते कार्ड. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. समोरच्या घरातल्या मुलीनं जाहिरात टाकून दिली, ती म्हणाली, आजोबा, खेळांच्या कार्डांत हे बड्या घरचं आहे, याला रांग लागेल. रांग कसली, तुम्ही एकटे आलात. बाकीचे फोनवरच म्हणाले, एवढ्या कमी भावात देताय म्हणजे नक्की काहीतरी गोम आहे. आता स्वस्त दिलं तर गोम, महाग दिलं तर लूट, माणसानं करायचं काय? गोम नाही काही. मुलगा परदेशी गेला. चांगली नोकरी लागली, गेला. आता खेळायला कोण आहे घरात — मी? का म्हातारी? पडून आहे बिचारं कधीपासून, हातही लावलेला नाही कोणी.

काय? टॉर्च कशाला मारताय आत? धूळ नाही म्हणता. मग चांगलंच की. — हां, आलं ध्यानात. पडून असलेल्या यंत्रावर धूळ पाहिजे होती, असं म्हणायचंय तुम्हाला. हुशार आहात. मी पुसतो ना. रोज पुसतो. आतून? आतूनच पुसतो. कसं उघडतं ते मला काय विचारता, तुम्हीच आत्ता उघडलंत की. बरं, नाही पुसत. पण धूळ नाही हे तुमच्या फायद्याचं आहे का तोट्याचं? फायद्याचं. मग पुढे चला.

त्या स्क्रूला काय बघताय भिंग लावून, नवरी पसंत करायला आलात का? कोणी खोललेलं नाही ते. आमच्या घरात पाना धरणारा मी एकटा, आणि मी त्याला हात लावलेला नाही. काय विचारताय — नाणी खणायला वापरलं का? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? कार्डानं कुठे नाणी खणतात? — असं. काँप्युटरातल्या काँप्युटरात. दिवसरात्र जुंपून ठेवतात आणि पिळून काढलं की विकतात. कळलं. म्हणजे भाड्याच्या ट्रकसारखंच, तीन ड्रायव्हर आळीपाळीनं आणि इंजिनाला दम नाही. नाही, तसं काही नाही. दिवसरात्र चालतं, पण एकटाच चालवतो. खणत नाही, खेळतो. खेळायचा. जायच्या आधी.

गादीवर बसू नका. खुर्ची घ्या. आणि त्या ताटाकडे सारखं बघू नका, माझं आहे. मी इथेच जेवतो. म्हणजे दुपारचं. अर्धवट टाकलंय कारण — दात दुखतोय माझा. ती बाटलीतली लवंग त्याचीच. हे काय, हसताय का? बरं, माझ्या तोंडात दात नाहीत हे दिसलं वाटतं तुम्हाला. स्क्रूसारखंच बघता माणसालाही.

तुमच्या पेन ड्राइव्हमधलं जे काही लावायचं ते लावा आता, त्या मुलीनं सांगितलंय मला, घेणारा आधी कार्डाला पळवून बघतो, घाटात गाडी चढवून बघावी तसं. पळवा. पण त्याच्या आधी एक काम. कार्ड काढलंत की त्या जागी हे बसवून द्यायचं. हे — थांबा, कागदात गुंडाळलंय. हे घ्या. भंगारवाल्याकडून आणलंय मी. लांबीला बरोबर तेवढंच आहे, दोरीनं मोजून नेलं होतं. पंखे दोनच आहेत, पण टेबलाखाली वाकून कोण मोजतंय? आणि हे जळालेलं आहे, भंगारवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, आजोबा, यात जीव नाही, घ्या बिनधास्त. जन्मात पहिल्यांदा माल खराब आहे याची खात्री करून घेतली मी.

असं बघू नका माझ्याकडे. चोरीचा माल नाही. स्क्रू-ड्रायव्हर ठेवू नका खाली. अहो, सांगतो ना, हात थांबवू नका तुम्ही — हात चालू ठेवा, मी बोलतो. मुलगा परदेशी नाही गेला. दाताच्या डॉक्टरकडे गेलाय. झालं समाधान? गाल सुजून एवढा झाला होता, पाच-सहा दिवस पाणीसुद्धा कण्हत पीत होता, तेव्हा त्याची थोरली बहीण आज सकाळी आली आणि धरून घेऊन गेली. धरून म्हणजे अक्षरशः दंडाला धरून. टोपी डोळ्यांवर ओढून गेला तो, जिना उतरताना भिंतीला हात लावत उतरला, लहान मूल उतरतं तसा. किती काळानं उतरला ते विचारू नका. खालच्या दुकानदारानं मला विचारलं, हे कोण तुमचे पाहुणे? तर एवढ्या वेळात मला हे उरकायचंय. पुन्हा त्याचा दात दुखायची वाट बघत बसू का मी?

लावा ना ती टेस्ट. लावली? मग असं काही दिसत का नाही — हां, दिसलं. काय ते, केसाळ लाडू फिरतोय नुसता. याच्यासाठी एवढा जीव काढायचा त्या कार्डाचा? बरं, तुमची पद्धत. किती वेळ? तेवढा आहे. असावा.

तुम्ही म्हणाल, बापानं मुलाच्या वस्तूला त्याच्या पाठीमागे हात लावू नये. बरोबर आहे. तुम्हाला मुलं आहेत? नाही. मग तुमचं बरोबरच असणार. हा माझा मुलगा तुमच्याहून मोठा आहे, लहान पोर नाही हट्टाला पेटलेलं. गोदामात नोकरीला होता, कोणता माल कुठे गेला ते सगळं तोंडपाठ. बायको होती. गोदाम बंद झालं. मग दुसरी नोकरी मिळेना, मग मिळाली तर टिकेना, मग बायको म्हणाली मी माहेरी जाऊन येते, ती आलीच नाही. तिला नावं ठेवत नाही मी. ती बसून किती वाट बघणार? मग तो इकडे आला, आमच्याकडे, हे एवढं यंत्र घेऊन आणि कपड्यांची एक पिशवी. म्हणाला, दोन दिवस पडतो जरा. आत गेला, दार लावलं. ते दोन दिवस अजून चालूच आहेत.

आम्ही काय केलं नाही ते सांगा. बोललो. नाही बोललो. ही रडली, मी ओरडलो, थोरलीनं त्याला चांगलं झापलं. समोरची ती मुलगी, चांगली शिकलेली आहे, ती म्हणाली, आजोबा, यंत्र विकू नका, नुसतं हे कार्ड काढलं तरी खेळ बंद पडतो, बाकी टंकायचं, नोकरीचे अर्ज पाठवायचे, ते सगळं चालू राहतं. तिथे माझ्या डोक्यात दिवा लागला. कार्ड बिघडलं तर कोणाचा दोष? कोणाचाच नाही. बापानं काढलं म्हटलं की तो माझं तोंड बघणार नाही. आपोआप जळालं म्हटलं की चिडेल, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडेल, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून तरी बाहेर येईल. माणूस कंटाळून बाहेर येतो की नाही? येतो. यायलाच पाहिजे. आम्ही दोघं किती पुरणार त्याला, सांगा? हिचे गुडघे गेलेत, मला दम लागतो. आम्ही गेल्यावर त्या दारात ताट कोण ठेवणार? थोरलीला तिचं घर आहे. मी रोज हाच हिशेब घालतो आणि रोज तो चुकतो. म्हणून म्हणतो, न्या. भाव आणखी पाडतो. फुकट न्या, पण न्या.

— आला. ऐकलंत? पंखा. आत्ता चढला बघा आवाज. तुमचा तो लाडू फिरायला लागल्यापासून कार्ड तापलं, आणि आता तिन्ही पंखे लागले. हा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. आधी घूं घूं, मग त्यात एक बारीक शिट्टी, चढाला लागलेल्या गाडीसारखी. ती शिट्टी खराबीची नाही म्हणता? मी कुठे म्हटलं खराबीची. मी तर म्हणतो — जाऊ द्या. पंखा लागला की आम्हाला कळतं, उठला. उठून बसला, खेळायला लागला. मग ही चहा टाकते. चहा दारात ठेवायचा आणि चमचा कपावर दोनदा वाजवायचा, हाक मारायची नाही, हाक मारली की तो घेत नाही. पंखा हळू झाला की समजायचं पडला जरा. पुन्हा चढला की पुन्हा उठला. घरातलं घड्याळ बंद पडलंय, सेल घालत नाही मी. काय करायचंय घड्याळ?

शिट्टीबरोबर त्याचा आवाज येतो. बोलतो ना आत. आमच्याशी नाही — आम्हाला 'हं' आणि 'नको', एवढंच. पण ते हेडफोन डोक्याला लावले की बोलतो. 'सावकाश, सावकाश. डावीकडे जागा आहे. मी आहे मागे. घे, घे, येतंय, घे.' असलं काहीतरी. पहिल्या पहिल्यांदा मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मग ती मुलगी म्हणाली, तसं नाही, खेळातल्या लोकांशी बोलतात असं. असेल. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. लक्ष ठेवायला. म्हणजे लक्ष कसलं — एकदा हसला होता. मोठ्यानं. हिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघायला लागली. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

तुम्हाला काय सांगत बसलोय मी. टेस्ट बघा तुमची. आकडे कुठवर गेले? ठीक आहेत म्हणता. ठीक असणारच, सांभाळतो तो. आतून पुसतो, तुम्ही म्हणालात ना धूळ नाही. स्वतःचं अंग धुवायला याला दोन-दोनदा सांगावं लागतं आणि कार्डावर धूळ नाही. घ्या.

मेन स्विच? तो कशाला विचारता? — घरात वीज नीट येते का, कार्डाला धक्का बसलाय का कधी, असं. एकदा. एकदा गेली होती वीज. मीच घालवली. खालचा मेन स्विच मी पाडला, भर दुपारी. म्हटलं बघू तरी. पंखा बंद. सगळं घर बंद झालं असं वाटलं. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत. मी दाराशी उभा. आतून शिवी नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, काही नाही. आम्ही थांबलो. किती थांबायचं माणसानं? मग मी दाराला खांदा लावला, या वयात, आणि कडी उचकटली. ती बघा चौकटीवरची खूण, तुम्ही आल्या आल्या बघितलीत आणि बोलला नाहीत, सभ्य आहात. तर तो याच खुर्चीत बसला होता. काळ्या काचेकडे बघत. मला म्हणाला, 'बाबा, आता काय करायचं?' शांतपणे म्हणाला हो. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी पळत खाली गेलो, पळत म्हणजे मला येतं तसं, आणि स्विच वर केला.

तेव्हापासून न्हाणीघराला कडी नाही. मीच काढली. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या इथे असतात, माझ्या खिशात. झोपतानासुद्धा. वाजतात नुसत्या. — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. हे थोरलीलाही माहीत नाही. विसरा.

हो. हो, कळतंय मला तुम्ही काय विचारताय. मग आज का काढतोय? कारण दुसरं काही सुचत नाही म्हणून. तुम्हाला सुचत असेल तर सांगा. डॉक्टर म्हणतात त्याला घेऊन या, मी म्हणतो तो येत नाही, ते म्हणतात मग कसं होणार. थोरली म्हणते यंत्रच खातंय त्याला. ही म्हणते असू दे, घरात तरी आहे. मी कोणाचं ऐकू? गाडी उतारावर सुटली, ब्रेक लागत नाही, तर माणूस दगडावर घालतो ना गाडी? थांबावी म्हणून घालतो. मोडणार हे माहीत असतं. — नाही, मी कधी घातली नाही. माझा ब्रेक कधी गेला नाही. मी नीट बघून गाडी काढायचो.

गप्प. गप्प बसा, हलू नका.

ऐकलंत? टक टक. चमचा. ही आहे दारात. पंखा ऐकला ना तिनं. चढलेला. तिला वाटलं — तिला काय वाटणार, आला, दात काढून आला, बसला. विजेचा माणूस गेला असेल, पोरगं आलं असेल. चहा ठेवून गेली. पावलं ऐका. एरवी पाय ओढत चालते, आज बघा कशी — गुणगुणतेय का ती? गुणगुणतेय.

आता हिला काय सांगू मी?

नको, दार उघडू नका. राहू दे चहा तिथेच.

झाली टेस्ट? पास. बरं. एकदम उत्तम आहे म्हणता, नव्यासारखं, आणि भावही जाहिरातीपेक्षा जास्त द्यायला तयार आहात. म्हणजे प्रामाणिक निघालात. मला वाटलं होतं पाडून मागाल. मग करा बंद तो लाडू आणि काढा. काढा चटकन. एवढं का थांबलात? काय आहे मागे? — हे काय आहे? हे कधी लावलंत तुम्ही? तुम्ही नाही लावलं. त्याचंच चालू होतं, तुम्ही नुसतं बाजूला सारलं होतं. म्हणजे तो सकाळी असाच उठून गेला, खेळ तसाच ठेवून.

सरका जरा. दिसू द्या.

या गाड्या आहेत. ट्रक आहेत हे. मी म्हटलं मारामारीचं काहीतरी — बंदुका वगैरे, सगळे म्हणतात तसलं. मी कधी बघितलंच नव्हतं, त्याच्या अंगावरून पलीकडे दिसतंय कुठे? पाठच दिसते. हा घाट आहे. बर्फ पडलंय. आणि ही आरशात रस्त्याच्या कडेला रांग, एक, दोन, ती वळणाच्या मागेपर्यंत आहे. हा पुढचा त्याचा? स्टिअरिंग दिसतंय, म्हणजे त्याचाच. कसा उभा केलाय बघा, चाक आतल्या बाजूला वळवून. घाटात उभी करताना चाक डोंगराकडे वळवायचं, सुटलीच तर डोंगराला टेकेल, दरीत जाणार नाही. हे कोणी शिकवलं याला? याला मी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. सुट्टीत यायचा माझ्याबरोबर, केबिनमध्ये मागच्या बाकावर पडून असायचा, मला वाटायचं झोपलाय.

दिवे चालू ठेवलेत सगळ्यांनी. लुकलुकतायत.

काय वाजतंय ते? त्या हेडफोनमधून येतंय. कोणीतरी बोलतंय. द्या इकडे. कसं धरायचं — असं? कानाला टोचतंय. थांबा.

कोण?

नाही. नाही, तो नाहीये. मी — मी त्याचा बाप बोलतोय.

हो, गेलाय. दातासाठीच गेलाय. तुम्हाला कोणी — त्यानं सांगितलं. काढणार आहेत बहुतेक, दाढ आहे. हो, खूप दुखत होती. हो, लवंग दिली होती. मीच. दाराखालून सरकवली होती, बाटलीच. सांगितलं त्यानं? काय म्हणाला?

...

नाही, ऐकू येतंय मला. बोला.

सगळे थांबलात? कधीपासून, सकाळपासून? कामधंदे नाहीत का तुम्हाला? — बरं. बरं. आळीपाळीनं. आणि पुढे का गेला नाहीत? घाटात तोच पुढे असतो. त्याच्याशिवाय नाही जात. असं. पोरी, तू किती वर्षांची आहेस? आणि गाडी चालवतेस? तो शिकवतो. ओरडतो का? नाही ओरडत. माझ्याकडे शिकायला आलेले रडत घरी जायचे. — सांगतो. येईल. सुजलं असेल तोंड, बोलता यायचं नाही त्याला नीट, सांभाळून घ्या. हो. ठेवतो. हे कसं ठेवतात, तसंच ठेवतो.

तुम्ही काय करताय? ते कार्ड सोडा. सोडा म्हटलं ना. स्क्रू काढलात? किती? मग परत लावा. लावा परत. होता तसा, होता तितका घट्ट.

नाही विकायचं. का म्हणजे? खराब आहे ते. हो, मीच सांगतो, खराब आहे. गोम आहे त्यात, फोनवरचे बाकीचे बरोबर म्हणत होते. ती शिट्टी ऐकलीत ना तुम्ही? असली शिट्टी मारणारी गाडी मी कोणाला घेऊ दिली नसती. तुमची टेस्ट काय म्हणते ती ठेवा तुमच्याजवळ. केसाळ लाडवाला काय कळतंय? जाण्यायेण्याचा खोळंबा झाला, मान्य आहे, मी म्हातारा माणूस आहे, चार शिव्या द्या आणि मोकळे व्हा. आणि हे घेऊन जा. हे, भंगारातलं. मला नको ते घरात. वाटेत कुठेतरी टाका. खोल टाका.

झाकण लावा. तो स्क्रू राहिला, खालचा. ताट नका सरकवू, तिथेच होतं. खुर्ची अशी नव्हती, तिरकी होती, दाराकडे पाठ. हां. गादीवरची सुरकुती — ती राहू दे, ती त्याचीच आहे.

खाली रिक्षा थांबली. ऐकलंत? थोरलीचा आवाज आहे. उचला बॅग, उचला. जिन्यात एक टोपीवाला भेटेल, गालाला रुमाल धरलेला. भिंतीच्या बाजूनं चढेल, त्याला भिंत लागते, तुम्ही कठड्याकडून उतरा. तोंडाकडे बघू नका त्याच्या. थोरलीनं विचारलं तर विजेच्या कामाला आला होतात. चपला हातात घ्या. चहा ओलांडून जा, सांडू नका.

थांबा. ते बंद कशाला करताय? हात काढा बटणावरून. चालू राहू दे. तो चालू ठेवून गेला होता.

निघा.